मागचे लाल दिवे

अठरा हजार सांगितले होते अमरावतीत,
अख्खं स्टिअरिंग उघडावं लागेल म्हणे,
आणि पार्ट पुण्याहून.
मी कोंबड्यांची डॉक्टर. अठरा हजारांत
एका शेडची लस येते, बर्फासकट.

कारंजा ओलांडल्यावर, दारव्ह्याच्या रस्त्याला,
टिनावर खडूनं लिहिलं होतं
‘ट्रॅक्टर, फवारणी पंप, मोटर भरून मिळेल’
तिथे थांबले, खरं तर पाणी प्यायला.

देवमन इंगोलेंना बटण दाखवलं.
हिरवा दिवा लागतो, सेट दाबलं की काहीच नाही.
उजव्या गुडघ्याचं बोलले नाही,
फक्त म्हणाले, रोजचा लांबचा पल्ला असतो हो.
‘म्हंजे पाय काढला तरी रेस धरून राह्यते?
हे त ट्रॅक्टरले कवाचंच हाय. हाताची रेस.
आमचा बुढा थे लावून चालता चालता बिडी पेटवे.’

फ्यूज पाहिला. चांगला.
वायरी पाहिल्या, उंदरांनी सोडल्या होत्या.
मग ते उताणे झाले, डोकं पेडलांखाली,
पाय बाहेर उन्हात, एकाच पायात चप्पल,
आणि बराच वेळ नुसता श्वास ऐकू आला.
अशा वेळी गाडीच्या मालकानं कुठे उभं राहावं
हे मला अजून कळलेलं नाही.

त्यांची प्रांजली, सहावीतली असेल,
गाडीच्या मागे कडुनिंबाच्या सावलीत बोरं खात होती.
‘बाबा, हिचे मांगचे लाल लाईट लागूनच हायेत.’
‘म्याडमचा पाय असंल बिरेकवर.’
‘म्याडम त इथं उभ्या हायेत.’

श्वास थांबला.
मग आतून हसू आलं, डब्यातून यावं तसं.

पायाखालच्या मॅटवर निळा भुगा होता.
त्यांनी तो तळहातावर घेतला आणि दाखवलं:
पेडलाच्या पट्टीला एक भोक,
भोकात प्लॅस्टिकची टिकली,
टिकलीवर टेकते स्विचची दांडी.
टिकली उन्हाळ्यांनी खाल्ली, दांडी भोकातून आरपार,
‘आन् गाडीले वाट्टे, पाय बिरेकवरच हाय.
मंग थे रेस कशी धरीन? शहानी हाय बिचारी.’

किती दिवसांपासून?
मला मागचे हॉर्न आठवले,
मूर्तिजापूरपासून दिवे मारत आलेला तो टँकर.
बाई चालवतेय म्हणून, असं धरून चालले होते मी
आणि त्या सगळ्यांना मनातल्या मनात
चांगली चांगली उत्तरं दिली होती.
दोनदा उतरलेली बॅटरी. दुसऱ्यांदा तर
दुकानदाराशी भांडून बदलून आणलेली.
मागून पाहणाऱ्याला मी कित्येक महिने
थांबते, थांबते म्हणत
ऐंशीनं पळत होते.

फवारणी पंपाचा एक चपट्या डोक्याचा बोल्ट,
पलीकडून नट, नट सुटू नये म्हणून वर
प्रांजलीच्या जांभळ्या नेलपॉलिशचा थेंब.
दिवे विझले.

ट्रायलला तिघं निघालो. दोन्हीकडे वाळत आलेली तूर.
साठ. सेट. पाय उचलला.
गाडीनं धरलं.
उजवा पाय एकदम रिकामा झाला,
फोटो काढताना हात होतात तसा.

देवमनचं समाधान नव्हतं. ‘आता बिरेक दाबा.’
कशाला, चाललंय की.
‘धरते थे पाह्यलं. सोडते का नाई, थे कोन पाहीन?’
दाबला. हलका हिसका बसला, सुटलं.
तेव्हा कुठे त्यांनी खिडकीला टेकून डोळे मिटले.

वीस रुपये. ‘बोल्टाचे. पाह्याचे पैसे नाई.’
प्रांजलीनं नेलपॉलिशचे वेगळे पाच मागितले.

रात्री घरी गाडी बंद केली, उतरले, मागे गेले.
कंपाउंडची भिंत,
जी इतके दिवस शेजाऱ्यांच्या देवघरातल्या बल्बमुळे
लाल दिसते असं मी समजत होते,
काळी होती.
बघत उभी राहिले, गुडघा बोलेपर्यंत.